हार्लनच्या बंदुकीचे विश्वस्त

१२ मार्च २०१८, सोमवार

वकील म्हणाला, "मिसेस स्कॅग्ज, आजपासून तारीखवार लिहून ठेवत जा. बंदुकीपायी कोण आलं, काय बोललं, सगळं." टोबायस किंकेड त्याचं नाव. वय एकोणतीस. ऑफिस कपडे धुवायच्या दुकानाला लागून, त्यामुळे तो कायदा सांगत असताना भिंतीपलीकडे मशिनं घुमत असतात. येताना पशुखाद्याच्या दुकानातून ही वही घेतली. वर कोंबडीचं चित्र आहे. एकतीस वर्षं कारखान्यात कोंबड्या सोलल्या, आता कोंबडीखाली लिहायचं.

तर पहिली नोंद मागच्या महिन्याची. १६ फेब्रुवारी. माझ्या नवऱ्याला, व्हर्जिलला, मातीआड करून आम्ही घरी आलो. चर्चच्या बायकांनी आणलेल्या घेवड्याच्या भाजीची भांडी टेबलावर मांडत होते, तोच माझा दीर रॉयस घोंगडी घेऊन आत आला. ट्रक मागच्या दाराशी उलटा लावलेला.

"बाबांची बंदूक न्यायला आलोय."

"आज?"

"स्कॅग्जांची वस्तू स्कॅग्जांकडे राहायला हवी."

"आणि मी कोण? एक्केचाळीस वर्षं झाली या घरात."

"तू लग्नाने आलीस," तो म्हणाला. मेलेल्या भावाच्या घरात, त्याच्या बायकोला, त्याच दिवशी! माझ्या हातात पळी होती. ती तशीच रोखून त्याला दाराबाहेर घातला. चर्चच्या बायका भांडी पुसत उभ्या. एकही हसली नाही, पण पळी मात्र सगळ्यांनी पाहिली.

ती बंदूक माझ्या सासऱ्यांनी, हार्लनने, पंचेचाळीस साली जर्मनीहून पिशवीत तुकडे तुकडे करून आणली. चाप एकदा दाबला की गोळ्यांचं अख्खं मॅगझिन रिकामं करते. अशी बंदूक सरकारच्या वहीत नोंदलेली नसली तर घरात ठेवणं म्हणजे तुरुंग. अडुसष्ट साली सरकारने एक महिना दिला होता, काही न विचारता नोंदवून घेऊ म्हणून. हार्लनने नोंदवली. एकोणऐंशी साली रीतसर व्हर्जिलच्या नावावर केली. कागद अगदी चोख आहेत. मी ती एकदाही उडवलेली नाही.

टल्साची बहीण म्हणते विक. पाद्री म्हणतो विक. बंदुकांचा दुकानदार म्हणतो, "मला विका, नवी मोटार येईल." तीन जणांनी विक म्हटल्यावर मी ठरवलं की ठेवायची.

वकील म्हणतो, माझ्या एकटीच्या नावावर घेतली तर फक्त मीच हात लावू शकते, आणि मी मेले की पुन्हा हाच घोळ. ट्रस्ट केला तर बंदूक ट्रस्टची होते आणि कागदावर असलेले सगळे विश्वस्त ती हाताळू शकतात. "तुमच्याखेरीज एक-दोन नावं आणा," म्हणाला. "ज्यांच्यावर तुमचा पूर्ण विश्वास आहे अशी माणसं."

१४ मार्च, बुधवार

नावं लिहायला बसले.

बहीण: बंदूक पाहिली की प्रार्थना सुरू करते. खोडली.
पाद्री: त्याला सांगितलेलं रविवारी प्रवचनात येतं. खोडला.
लोर्ना: कारखान्यात सोळा वर्षं माझ्या शेजारी उभी होती. डोळे मिटून विश्वास ठेवला असता. तीन वर्षांपूर्वी गेली.

एवढंच. कॉफी गार झाली तरी चौथं नाव येईना. बासष्ट वर्षं जगले आणि यादी पोस्टाच्या तिकिटावर मावेल. मावू दे. मी एकटी पुरेशी आहे.

२० मार्च, मंगळवार

किंकेडचा फोन. बंदुकीच्या तिजोरीचा नंबर कुणाकुणाला ठाऊक आहे?

म्हटलं, "मला, आणि रॉयसला."

पलीकडे नुसती मशिनं घुमत होती. मग म्हणाला, "रॉयस म्हणजे ज्यांना शिक्षा झाली होती ते?"

"तोच. सत्त्याहत्तर साली दारू पिऊन केनी पुलावर गाडी ठोकली. ऑर्व्हिल टेट नावाच्या माणसाचा पाय गेला. अडीच वर्षं आत होता."

"त्यांना तर बंदुकीला बोटसुद्धा लावता येत नाही, मिसेस स्कॅग्ज. कुठल्याच."

"दर थँक्सगिव्हिंगला तोच तेलपाणी करतो तिचं. जेवण झालं की तो ती उघडून टेबलावर मांडतो आणि व्हर्जिल बाहेर ओसरीवर जाऊन बसतो. चाळीस वर्षं असंच चाललंय."

"हे मी ऐकलं नाही."

"मोठ्याने सांगू?"

"मिसेस स्कॅग्ज! मी ऐकलं *नाही*. नंबर आजच्या आज बदला."

बदलला. व्हर्जिलला आळस फार, स्वतःच्या बंदुकीला तेल घालायचं तर भाऊ लागायचा. कधी उडवायचाही नाही. विचारलं तर म्हणायचा, कान दुखतात. आणि हो, गाडी चालवायचा तर केनी पूल टाळून, नऊ मैलांचा वळसा घालून. माणसाच्या खोडी. आपण लग्न करतो ते खोडींसकट.

२ एप्रिल, सोमवार

काल ईस्टर. आज सकाळी रॉयस आला. हरणाच्या मांसाचं सॉसेज घेऊन, म्हणजे भांडायला आला नव्हता. भांडण मी काढलं. ओसरीतच सांगून टाकलं की तिजोरीचा नंबर बदललाय.

त्याने टोपी हातात फिरवली. "व्हर्जिलने असं केलं नसतं."

"व्हर्जिल गेला."

"त्याने मला कधी नाही म्हटलं नाही. एकदाही."

"तुला घाबरायचा म्हणून."

यावर तो हसला. विनोदाला हसतात तसं नव्हे. "हो," म्हणाला, "घाबरायचा खरा."

"एका माणसाचा पाय घेतलास, रॉयस, तेवढ्यावर भागलं नाही? आता माझ्या घरातली बंदूक हवी?"

त्याने सॉसेज कठड्यावर ठेवलं आणि गेला. मला जराही वाईट वाटलं नाही. त्या वर्षी त्याला दारू सुचत होती, तेव्हा इथे काय चाललं होतं? मला दिवस गेले होते. पुलावरच्या अपघाताच्याच आठवड्यात व्हर्जिल गवताच्या माळ्यावरून पडून चष्मा फोडून आणि खांद्याचं हाड मोडून बसला. डावा हात छातीशी बांधून दीड महिना. आणि ऑगस्टमध्ये मुलगी आठव्या महिन्यातच आली आणि एक दिवस राहून गेली. तिला पुरताना स्कॅग्जांपैकी सगळे होते, एक रॉयस नव्हता. तुरुंगात बसला होता. मी ते विसरले नाही. विसरणारही नाही.

सॉसेज चांगलं आहे. लवंग जरा जास्त.

११ एप्रिल, बुधवार

रॉयसची मुलगी केंड्रा आली होती. तेहतीस वर्षांची, घोड्यांना नाल ठोकते. शेजारच्यांची दोन घोडी आटोपून घामेजलेली, चामड्याचा एप्रन तसाच बांधलेला.

"ओलिटा आंटी, कॉफी आहे का? नाहीतर त्या घोडीने मला लाथ मारून उपकार केले असते असं वाटेल."

बसवलं. म्हटलं, "बापाने पाठवलं?"

"बाबांना कळलं तर मलाच नाल ठोकतील." तिने तीन चमचे साखर घातली. "आजोबांची बंदूक विकणार नाहीस ना, एवढंच विचारायला आले."

"का? तुला हवी?"

"मला बघायला हवी. जवळ असली म्हणजे झालं. आजोबांनी मला फक्त दोन गोष्टी शिकवल्या, शिट्टी वाजवायला आणि तिची स्प्रिंग बसवायला. शिट्टी अजून नीट येत नाही."

तिला मुद्दाम म्हटलं, तुझ्या बापाला तिच्या सावलीतही उभं राहू देणार नाही. ती चिडली नाही. म्हणाली, "कायदा आहे तर आहे. माझं घर वेगळं आहे, कुलूप वेगळं आहे. बाबांना चावी देणारी मी नाही. त्यांना माझ्या टोस्टरलासुद्धा हात लावू देत नाही मी, दोन जाळलेत."

किती महिन्यांनी हसले कोण जाणे. ती गेल्यावर यादी काढली आणि तिचं नाव लिहिलं. मग खोडलं, रॉयसची मुलगी म्हणून. मग खोडलेल्याच्या वर पुन्हा लिहिलं.

१९ एप्रिल, गुरुवार

केंड्राला घेऊन किंकेडकडे गेले. तिच्यावर कसलाही गुन्हा नाही, ती विश्वस्त होऊ शकते. मग त्या पोरीने विचारलं, "आणि बाबांचं काहीच होऊ शकत नाही? मरेपर्यंत?"

किंकेड म्हणाला, राज्यपालांकडे माफीचा अर्ज करता येतो. माफी मिळाली तर बंदी उठू शकते. आधी जुनी फाईल काढावी लागेल.

"काढा," मी म्हटलं.

केंड्राने वळून माझा हात धरला. तिला वाटलं, मी रॉयससाठी म्हणाले. मी म्हणाले ते वेगळ्याच कारणाने. एकदा ती फाईल टेबलावर येऊ दे, पुलावर काय काय झालं ते या पोरीला वाचू दे, म्हणजे परत कुणी मला विचारणार नाही की रॉयसचं काय. हात मात्र सोडवून घेतला नाही.

३ मे, गुरुवार

फाईल आली. किंकेडने मला एकटीलाच बोलावलं होतं. तो बाहेर जाऊन बसला, मी वाचलं. पातळ आहे. रॉयसने पहिल्याच दिवशी गुन्हा कबूल केला, त्यामुळे पुढे कुणी काही विचारलंच नाही.

शेवटी ऑर्व्हिल टेटचा जबाब आहे, हॉस्पिटलात घेतलेला. तो म्हणतो, गाडीतून उतरलेला माणूस उंच होता. चष्मा होता, एक काच फुटलेली. डावा हात छातीशी धरून तो माझ्यापाशी बसला आणि रडायला लागला. शेरीफच्या माणसाने विचारलंय, नक्की चष्मा होता? टेट म्हणतो, त्या काचेत मला माझा पाय दिसत होता.

रॉयस माझ्याएवढाच उंच आहे. त्याला आजही चष्मा लागत नाही.

४ मे, शुक्रवार

माळ्यावरून पडलो, व्हर्जिल म्हणाला होता. मी चमच्याने भरवलं त्याला.

८ मे, मंगळवार

चार दिवस घरातलं सगळं घासून काढलं. आज रॉयसकडे गेले. केनी पुलावरूनच गेले. तो परसात टोमॅटोची रोपं लावत होता. मान वर न करता म्हणाला, "पळी नाही आणलीस?"

"फाईल वाचली मी."

"कुणी काढायला सांगितली?"

"मी. तुझी लाज काढायला."

"मग? निघाली?"

"निघाली. पण तुझी नव्हती."

त्याने हातातलं रोप खड्ड्यात ठेवलं, माती लोटली, अंगठ्यांनी दाबली. मग पुढचं घेतलं. मी उभीच. शेवटी मीही खाली बसले आणि रोपं हातात देऊ लागले. त्याशिवाय हा माणूस बोलेल असं दिसेना.

"त्याला रेल्वेत लागून तीन महिने झाले होते," रॉयस म्हणाला. "तू पोटुशी. मी शेजारी झोपलो होतो गाडीत, पुरता तर्र. जागा झालो तो आडवा. व्हर्जिल बाहेर त्या माणसाजवळ. मग तो बाबांना फोन करायला पळाला. बाबा शेरीफच्या आधी पोचले."

"आणि?"

"म्हणाले, याच्यामागे दोन जीव आहेत, तुझ्यामागे कुणी नाही. हिशोब बरोबर होता बाबांचा."

"तुला विचारलं का कुणी?"

"विचारलं ना. मी हो म्हणालो. एकोणीस वर्षांचा होतो, ओलिटा. वाटलं, सहा महिने आत बसून येईन, आल्यावर सगळे मला कोंबडी तळून घालतील."

हे म्हणू नये असं वाटलं. तरी म्हटलं. "आणि ज्या जिवासाठी गेलास तो..."

"पत्र आलं होतं. व्हर्जिलचं. तीन ओळी." त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "मी तुरुंगाच्या पाद्र्याला सांगून तिच्या नावाने मेणबत्ती लावायला लावली. नाव माहीत नव्हतं. नुसतं 'स्कॅग्ज' म्हणायला सांगितलं."

"रूथ," मी म्हटलं. "रूथ ॲन."

तो मान हलवत राहिला.

"तू आला नाहीस म्हणून चाळीस वर्षं मी तुला..."

"माहितीये मला. दर थँक्सगिव्हिंगला मला टर्कीची मान वाढायचीस."

"सांगितलं का नाहीस मला?"

"व्हर्जिलने सांगायचं होतं ते. मी वाट बघत होतो." रोपं संपली होती. तो उठला, गुडघे झाडले. "मी सुटून आलो त्याच्या आधीच बाबांनी बंदूक त्याच्या नावावर करून टाकली होती. लहानपणापासून तिच्यावर मी जीव टाकायचो, त्याला तिचा आवाजही सोसायचा नाही. पण मला देता येत नव्हती ना आता. एवढं मात्र बाबांच्या हिशोबात आलं नव्हतं."

मी माफीच्या अर्जाचं सांगितलं. किंकेड म्हणतो, तुझं वागणं चाळीस वर्षं स्वच्छ आहे, मिळेल.

"कशाची माफी?" तो म्हणाला. "अर्जात लिहावं लागेल, मी केलं, मला पस्तावा आहे. एकदा लिहून दिलं ते बाबांसाठी. आता सरकारसाठी परत खोटं लिहू? नाही. मेलो तरी नाही."

"मग खरं लिहू. मी साक्ष देते."

"कोणाच्या विरुद्ध? त्याच्या थडग्यावरची माती अजून बसली नाही."

मी हातांची माती झाडली आणि घरी निघाले.

९ मे, बुधवार

व्हर्जिलचा फोटो भिंतीवरून काढला. दुपारी परत लावला. संध्याकाळी स्मशानात गेले आणि त्याला जे सांगायचं ते मोठ्याने सांगितलं. दोन ओळी पलीकडे एक बाई फुलं ठेवत होती, ती घाईने निघून गेली. जाऊ दे. चाळीस वर्षं याच्या बाजूने मी भांडले, आणि हा ओसरीवर बसून होता.

तरी त्याचा आवडता शर्ट चर्चच्या दानपेटीत टाकवला नाही. गाडीतच आहे.

२१ मे, सोमवार

आज सह्या. किंकेड, केंड्रा, मी, आणि शिक्का मारायला धुलाईच्या दुकानाची मालकीण, ती नोटरीही आहे.

विश्वस्त: ओलिटा मे स्कॅग्ज, केंड्रा स्कॅग्ज. माझ्यानंतर सगळं केंड्राच्या हाती. एवढं ठरलेलंच होतं. मग किंकेडने विचारलं, "ट्रस्टचं नाव? लोक साधंसं ठेवतात. आडनाव, नाहीतर गल्लीचं नाव."

"रॉयस डीन स्कॅग्ज ट्रस्ट."

त्याचं पेन थांबलं. "मिसेस स्कॅग्ज, ज्या माणसाला बंदुकीची बंदी आहे..."

"तो विश्वस्त आहे?"

"नाही."

"चावी त्याच्याकडे आहे? नंबर आहे?"

"नाही."

"मग नावाला कायदा काय म्हणतो? पुतळा उभा करायचा तर कुत्र्याचाही करता येतो या देशात. ट्रस्टला माणसाचं नाव देता येत नाही?"

"देता येतं," तो सावकाश म्हणाला. "पण वॉशिंग्टनला कुणाच्या तरी भुवया वर जातील. बंदूक ट्रस्टच्या नावावर करायचा अर्ज रेंगाळेल."

"जाऊ द्या वर. भुवयांनाही व्यायाम हवा."

केंड्रा माझ्याकडे बघत होती. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही, ते रॉयसने सांगायचं आहे. तिने एवढंच विचारलं, "आंटी, का?"

"मला वाटलं म्हणून. सही कर."

तिने केली. धुलाईवालीने शिक्का मारला आणि म्हणाली, "माझ्या नवऱ्याच्या नावाने तर मी खुराडंही ठेवणार नाही."

६ जून, बुधवार

अर्जासाठी बोटांचे ठसे द्यायला शेरीफच्या ऑफिसात गेलो. शेरीफला अर्जाची एक प्रत द्यावीच लागते. त्याने नाव वाचलं, मला पाहिलं. "हा पुलावरचा रॉयस?"

"दुसरा कुणी आहे का या काउंटीत?"

त्याने प्रत फायलीत सरकवली. त्याचा बाप तेव्हा शेरीफ होता.

ठसे काही उठेनात. कारकून पोरगी माझं बोट शाईत बुडवून कार्डावर फिरवते आणि खाली नुसता काळा डाग. दहाच्या दहा. "मॅडम, तुम्हाला रेषाच नाहीत!" म्हणाली, जणू मी घरी विसरून आले.

"एकतीस वर्षं बर्फाच्या पाण्यात कोंबड्या," मी म्हटलं. "तिथे आहेत माझ्या रेषा. तुम्ही खाल्ल्यात त्या, रविवारी, रस्सा घालून."

केंड्राचे ठसे आले, पण एका अंगठ्यावर घोड्याने चावल्याची खूण.

१७ जुलै, मंगळवार

माझं कार्ड परत आलं. वाचता येत नाही. दुसरं पाठवा. बहीण म्हणते, हा देवाचा इशारा आहे. तिला म्हटलं, देवाला मला इशारा द्यायचा असता तर कारखान्यात सुट्टी दिली असती.

रॉयस येतो हल्ली, मंगळवारचा. आज टोमॅटो आणले. मी डब्यातली चरबी हातांना फासून बसलेली पाहून म्हणाला, "सोड नाद, ओलिटा. कशासाठी हे?" ट्रस्टच्या नावाचं त्याला माहीत नाही. केंड्राच्या आणि माझ्या तोंडाला कुलूप आहे.

"माझ्या बोटांना रेषा आहेत की नाहीत हे सरकार ठरवणार नाही," मी म्हटलं.

३० ऑगस्ट, गुरुवार

सहा आठवडे भांडीसुद्धा रबरी हातमोजे घालून घासली. मधला एक प्रयत्न वाया गेला, आज तिसऱ्यांदा ठसे दिले. कारकून पोरीने कार्ड उजेडात धरलं आणि ओरडली, "आल्या! मॅडम, तुमच्या रेषा आल्या!" शेरीफ दारात येऊन बघून गेला. बासष्टाव्या वर्षी मला बोटं फुटली.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंग. टर्कीची तंगडी रॉयसच्या ताटात. तो बघतच राहिला. म्हटलं, खा मुकाट्याने. जेवणानंतर कुणीच तिजोरीचं नाव काढलं नाही. तो ओसरीवर गेला, जिथे व्हर्जिल बसायचा तिथे न बसता पायरीवर बसला. थोड्या वेळाने केंड्रा त्याच्याकडे गेली. बराच वेळ बापलेक तिथेच होते. आत आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले. माझ्याजवळ येऊन माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, "म्हणून ते नाव." मग तव्याची जळकी बाजू घासायला लागली, माझ्या हातातून ओढून घेऊन.

१५ जानेवारी २०१९, मंगळवार

सरकारची ऑफिसं बंद आहेत म्हणे, पैशाच्या भांडणात. रॉयस म्हणाला, "आपला अर्ज कुणाच्या तरी टेबलावर उपाशी पडलाय." आपला म्हणाला.

१४ मार्च २०१९, गुरुवार

आलं.

किंकेडने पाकीट न उघडता हातात दिलं. केंड्राला फोन केला, ती घोडी अर्धी सोडून आली. रॉयसला दुपारी जेवायला बोलावलं. घेवडा आणि मक्याचा पाव, दुसरं काही सुचलं नाही. खाणं झाल्यावर कागदाची प्रत त्याच्यापुढे सरकवली.

"हे काय?"

"वाच. मोठ्याने."

त्याने वाचलं. नंबर, वर्ष, बनवणाऱ्याचं नाव. मग मालकाच्या रकान्याशी आला आणि थांबला. पुन्हा सुरुवातीपासून ओठ हलवत आला, पुन्हा तिथेच थांबला. कोपऱ्यात सरकारचा शिक्का आहे, सही आहे, मंजूर असं लिहिलंय.

"वाच की," मी म्हटलं.

"रॉयस डीन स्कॅग्ज ट्रस्ट." त्याचा आवाज फाटला. "त्यांनी हे... पास केलं?"

"केलं. जे सरकार तुला बोट लावू देत नाही, त्याच सरकारने लिहून दिलंय की हार्लनची बंदूक कुणाच्या नावची."

त्याने कागद नीट केला, कडा जुळवल्या. मग म्हणाला, "मी आहे अजून. मेल्यावर ठेवतात अशी नावं."

"म्हणूनच आत्ता ठेवलं. व्हर्जिलसारखी मी वाट बघत बसणार नाही."

मागच्या कुरणात गेलो. केंड्राने बंदूक नेली. मी तीस पावलांवर पिंप ठेवलं. रॉयस तळ्याच्या कुंपणापाशी थांबला, बराच लांब. दोन्ही हात खिशात खुपसलेले, उगाच उद्या कुणी काही म्हणायला नको.

"आधी आंटी," केंड्रा म्हणाली. मी म्हटलं, मला येत नाही. ती म्हणाली, विश्वस्त आहेस ना?

चाप दाबला आणि ती वस्तू माझ्या हातात जिवंत झाली. नळी वर, उजवीकडे, झाडांच्या शेंड्याकडे. पिंपाला काही झालं नाही. कान भणभणले.

कुंपणापासून आरोळी आली, "पुढे झुक! ओलिटा! मागे रेलू नकोस, तिच्यावर वजन टाक!"

परत दाबला. परत वर.

"अजून! डावा पाय पुढे! घाबरतेस काय, ती आपलीच आहे!" हात खिशात आणि सगळं अंग पुढे झुकलेलं, जणू तोच धरून उभा आहे. "थोडं थोडं सोड! दोन-दोन, तीन-तीन!"

मी डावा पाय पुढे टाकला, तो सांगत होता तशी झुकले, आणि थोडं थोडं सोडलं. पिंप वाजलं. मग परत वाजलं. तिकडे रॉयस ओरडत सुटला, "अस्सं! अस्सं! आता थांबू नकोस!"

मी थांबले नाही.